३१ मेनंतर एकही पावती फाडू देणार नाही

वाचनालयाच्या विश्वस्तांनो,

"अनुदानाच्या मागे किती धावायचं? देणग्या गोळा करू, देणाऱ्याला ८०जीची सवलत आहेच," असं गेल्या सभेत आम्हाला ऐकवलंत. कुणाला आहे सवलत? ठाणाकुशनूरमधला देणारा शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. करच नाही तर सूट कशातून? त्यानं तुरीचं पोतं आणून टाकलं तर ते धरलंच जात नाही. पैसेच हवेत, तेही दोन हजारांवर रोख नकोत. राहिली पुण्या-हैदराबादेत नोकरी करणारी पोरं. २०२३-२४ पासून काही न कळवता बसलं की नवी करप्रणाली लागते आणि तीत ८०जी नाही. माझा पुतण्या म्हणाला, "काका, पैसे देतो, पण पावतीचं आमिष नको."

जुन्या प्रणालीत तीस टक्के कर भरणारा शंभर रुपये देतो, तेव्हा निम्म्यावर वजावट मिळून त्याचे पंधरा रुपये वाचतात. ते पंधरा सरकारी तिजोरीचेच, पण कुणाच्या दारी जायचे ते दाता ठरवतो. बिदरच्या या टोकाचं मराठी वाचनालय त्याला दिसणार कसं? म्हणून अनुदान सोडायचं नाही.

आणि ते अडलंय कुणामुळे? खात्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. कपाटावरची फाईल मी स्वतः उतरवली. उपयोगिता प्रमाणपत्राचा फॉर्म कोराच, त्याखाली झुरळांनी कुरतडलेली पावत्यांची कार्बन प्रत. फॉर्म कन्नडमध्ये आहे ही सबब सांगू नका. आपल्याच गल्लीतली दहावीची पोरगी तो वाचून दाखवेल.

तेव्हा शेवटचं सांगतो. गेल्या वर्षीच्या देणगीदारांचं विवरण, फॉर्म १० बीडी, ३१ मेच्या आत भरा. पुढे दिवसाला दोनशे रुपये भुर्दंड आहे. तो वाचनालयाच्या गल्ल्यातून द्यायचा नाही, तुमच्या खिशातून द्यायचा. त्याच तारखेपर्यंत उपयोगिता प्रमाणपत्र खात्यात पोचलं पाहिजे आणि पोच फळ्यावर लागली पाहिजे.

नाही झालं तर १ जूनला पावतीपुस्तकं आम्ही ताब्यात मागू. दिली नाहीत तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९२ आहे. न्यायालयाच्या परवानगीनं विश्वस्तांकडून हिशेब मागायला, त्यांना काढायलासुद्धा, संस्थेशी संबंध असलेली दोन माणसं पुरतात.

आम्ही सतरा जण आहोत.