निदानाची मक्तेदारी

मोटारीचे इंजिन ‘मिसिंग’ मारू लागले, विक्रेत्याच्या सेवाकेंद्राने साठ हजारांचे अंदाजपत्रक हाती ठेवले आणि मालकाने ते मान्य करण्यास नकार दिला, तर एवढ्याशा भांडणाला समाजवादी साप्ताहिकात जागा का द्यावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मोटार ही सुखवस्तू माणसाची चैन, तिचे दुखणेही त्यानेच निस्तरावे, असा चळवळीतला जुना समज आहे. हिंगोली जिल्ह्यात तो केव्हाच खोटा ठरला आहे. हप्त्यांवर घेतलेली जुनी मोटार येथे शिक्षकाच्या, हळद पिकवणाऱ्या मध्यम शेतकऱ्याच्या आणि वसमत–नांदेड रस्त्यावर प्रवासी वाहून पोट भरणाऱ्या तरुणाच्या दारात उभी असते. रात्री-अपरात्री रुग्ण नांदेडला न्यायचा झाला, तर साऱ्या आळीला तीच कामास येते. अशा घरातले साठ हजार म्हणजे पुढल्या हंगामाच्या बी-खताचे पैसे होत.

मिसिंग म्हणजे इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोट वेळेवर न होणे. त्यास ठिणगी तरी नसते, इंधन तरी कमी-अधिक पोचते, नाही तर सिलिंडरात दाब धरला जात नाही. पैकी प्लग किंवा कॉइल बिघडली असेल तर सर्वसाधारण मोटारीत दुरुस्ती थोडक्या हजारांत भागते. दाब निघून जात असेल, तर मात्र हेड उतरवावे लागते, आणि तेथे खर्चाला मर्यादा राहत नाही. या दोहोंतला फरक ओळखण्याची रीत फार अवघड नाही. गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडला की दोषी सिलिंडरचा सांकेतिक क्रमांक दिसतो. पहिल्या सिलिंडरसाठी तो पी ०३०१ असा असतो. त्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवावी. दोष तिच्याबरोबर तिसऱ्याकडे सरकला, तर कॉइल गुन्हेगार. न सरकल्यास प्लग आणि इंजेक्टर तपासावे, आणि शेवटी प्रत्येक सिलिंडरचा दाब मापून आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. हे आकडे जवळपास सारखे असतील तर हेड उतरवण्याची शिफारस कशाच्या आधारावर केली, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार मालकाला पोचतो.

परंतु अंदाजपत्रकात हे आकडे सहसा नसतात. तेथे सुट्या भागांची नावे असतात, त्यांपुढे किमती असतात, मजुरी आणि कर असतो. अमुक भाग का बदलायचा, याचे उत्तर ‘कंपनीची पद्धत आहे’ एवढेच मिळते. आणि गाडीही मालकाला सवड देत नाही. मिसिंग होत असताना ती रेटली, तर न जळलेले पेट्रोल धुराड्यात जाऊन तेथला महागडा शुद्धीकरणाचा भाग जाळून टाकते. ही भीती खरी आहे, आणि तिचाच उपयोग सही घेण्यासाठी केला जातो.

वसमतच्या बाजार समितीत हळद घेऊन आलेला शेतकरी काटा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वजन मान्य करीत नाही. त्या काट्यावर शासनाच्या वैधमापन यंत्रणेचा शिक्का असतो, लिलाव चारचौघांत होतो, आणि इतके असूनही तो कुरकुरतो. त्याची कुरकुर रास्तच असते. तोच शेतकरी सेवाकेंद्राच्या काचेच्या केबिनीत शिरला की काटा पाहायला मागत नाही. मागायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. अंदाजपत्रकावरून होणारी बहुतेक भांडणे दराभोवती फिरतात. मालक दहा टक्के सूट मागतो, व्यवस्थापक पाच टक्के देतो आणि दोघेही समाधानी होतात. वस्तुतः वाद दराचा नाहीच. जे काम मुळात करायचेच नव्हते, त्यावरची सूट ही कसली सूट?

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन, विकणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास ठाऊक नसेल तर बाजार कसा नासतो, हे दाखवले. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक पाऊल टाकले. काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरदेखील त्यांची गरज होती की नव्हती, हे ग्राहकाला कळत नाही. हेड उतरवले, गाडी नीट चालू लागली. पण ती नव्या कॉइलमुळे की हेडच्या कामामुळे, हे कोण सांगणार? निदान करणारा आणि उपचार विकणारा एकच असला, की फसवणूक ही त्या व्यवहाराच्या रचनेतच बसते; त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही.

यावर मुक्त बाजाराचे कैवारी म्हणतात की, ग्राहकाने दुसरीकडे जावे. दुसरीकडे म्हणजे कोठे? गावातला मिस्त्री अनुभवाने कमी नाही, पण कंपनीचे निदानाचे पूर्ण साधन, तांत्रिक पुस्तिका आणि अस्सल सुटे भाग त्याच्यापर्यंत पोचू दिले जात नव्हते. हा नुसता आरोप नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना याच कारणासाठी दोषी धरले आणि सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड घटवला. दोष मात्र पुसला नाही. त्या निकालाची वार्ता वसमतच्या किंवा कळमनुरीच्या गॅरेजात कितपत पोचली असेल, याची कल्पना कोणीही करावी.

कायदा अगदीच पांगळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, ग्राहकापासून महत्त्वाची माहिती हेतुतः दडवणे हेही सेवेतील न्यूनता मानले आहे. तेव्हा तपासणीचे आकडे लेखी मागावेत आणि नाकारले तर नकारही लेखी मागावा. सेवाकेंद्र नांदेडला असले तरी ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी गाडी चालवणाराही ग्राहकच ठरतो. गाडी अडकवून ठेवण्याची धमकी मिळाली, तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० लक्षात ठेवावे: जे काम सांगितले आणि केले, त्याच्याच मोबदल्यासाठी कारागिराला वस्तू रोखता येते, न केलेल्या कामाच्या अंदाजासाठी नाही. मजुरी देणे भागच पडले, तर पावतीवर हरकत नोंदवून द्यावी. जुने भाग मागून घ्यावेत. पुरावा म्हणून त्यांच्याइतके बोलके दुसरे काही नसते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. अंगाला तेल माखून गाडीखाली निजणारा कामगार हा या प्रकरणातला प्रतिपक्ष नव्हे. कॉइल अदलून पाहण्याची युक्ती त्याला ठाऊक असते. पण अंदाजपत्रक तो लिहीत नाही. ते लिहिणाऱ्या सल्लागारापुढे महिन्याच्या विक्रीचे लक्ष्य ठेवलेले असते, आणि गाडी लवकर बाहेर काढणे ही तपासण्यापेक्षा मोलाची कामगिरी ठरते. ग्राहकाने आवाज चढवला की तो अंगावर घेतो हाच पगारदार. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या स्त्रियांनी काउंटरवरच्या गुमास्त्याशी भांडण मांडले नव्हते. त्यांचा रोख साठेबाजांवर आणि मंत्रालयावर होता.

केंद्र शासनाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. त्यावर कंपन्यांनी आपखुशीने माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. ज्या माहितीतून नफा होतो, ती आपखुशीने कोण वाटील? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हा प्रश्न २०१२ साली जनमताला टाकण्यात आला, आणि मतदारांनी कंपन्यांवर सक्ती घालण्याच्या बाजूने कौल दिला.

सक्तीच्या कायद्याची वाट पाहत असतानाही महाराष्ट्र शासनाला एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तेथे चांगला स्कॅनर आणि दाबमापक ठेवावा, माफक शुल्कात तपासणी करावी आणि सही-शिक्क्याचा अहवाल द्यावा. दुरुस्ती तेथे करू नये. निदान आणि उपचार वेगळे राहावेत, हाच त्यातला मुद्दा. विद्यार्थ्यांना हात बसेल, ग्राहकाला दुसरे मत मिळेल आणि आयोगापुढे तटस्थ कागद जाईल. सार्वजनिक पैसा मोटारवाल्यांवर का खर्चावा, असे विचारणाऱ्यांनी शेताकडे पाहावे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम लागू झाले, आणि त्यांच्या इंजिनांत मोटारीसारखीच संगणकाची पेटी येऊन बसली. हळदीची काढणी चालू असताना ट्रॅक्टर बंद पडला, की त्या पेटीत काय नोंदले आहे हे वाचण्याचे साधन सध्या विक्रेत्याच्याच हाती आहे.