बाहेरची फिटिंग

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या मोटारीत, चालकाशेजारच्या आसनापुढील पायपुसण्याखाली, रोज सकाळी वाटीभर पाणी साठलेले आढळू लागले. पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली, जेमतेम चार महिने वापरलेली ही गाडी घेऊन तो सर्व्हिस सेंटरात गेला, तेव्हा तेथील ॲडव्हायझरने बॉनेट उघडण्याआधी डिकी उघडली, तिच्या झाकणावर शेजारच्या गॅरेजातून बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवले आणि जॉब कार्डावर दोनच शब्द लिहिले : ‘बाहेरची फिटिंग’. “सर, वायर ओढताना छताचं अस्तर उघडलंय. आता हे वॉरंटीत बसत नाही.” कॅमेरा गाडीच्या शेपटाशी, पाणी तिच्या नाकाशी, परंतु त्या दोन शब्दांनी तीन वर्षांची लेखी हमी निकालात निघाली. संध्याकाळी त्याचा फोन आला. “काका, कॅमेरा साडेतीन हजारांचा, आणि त्यापायी वॉरंटी संपूर्ण गाडीची गेली. हे कुठल्या कायद्यात बसतं?”

मी वकील नव्हे. तथापि करारनाम्यातील बारीक अक्षरे वाचण्याची खोड मला फार जुनी असल्यामुळे, ज्या देशाने या प्रश्नाचा सर्वांत अधिक खल केला आहे त्या अमेरिकेत त्याचा निवाडा कसा करतात, हे पाहण्यापासून मी आरंभ केला. आपल्याकडे नव्या गाडीची पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत सदोष निघालेल्या गाडीलाच लिंबू म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली याच लिंबांच्या बाजारावर, म्हणजे विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला मात्र अज्ञात अशा व्यवहारावर, एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला आणि पुढे 2001 साली त्याच विचाराबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. 1982 साली कनेक्टिकट राज्याने ‘लेमन लॉ’ या लोकप्रिय नावाने ओळखला जाणारा पहिला कायदा केला आणि त्याच्यामागोमाग इतर राज्यांनीही केले. वारंवार दुरुस्ती करूनही ज्या नव्या गाडीचा मोठा दोष जात नाही, ती गाडी कारखानदाराने बदलून द्यावी अथवा तिचे पैसे परत करावेत, हे त्या सर्वांचे सार. जेथे आज मराठी कुटुंबांची वस्ती बरीच आहे त्या न्यू जर्सीत, पहिली दोन वर्षे किंवा 24,000 मैल यांपैकी जे आधी संपेल त्या मुदतीत, एकाच दोषासाठी तीन वेळा दुरुस्ती करून तो कायम राहिला किंवा गाडी एकूण वीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर कायदा गृहीत धरतो की कारखानदाराला पुरेशी संधी देऊन झाली.

आता आपल्या मुद्द्याकडे. ग्राहकाने गाडीत अनधिकृत फेरफार केला असेल तर न्यू जर्सीचा कायदा कारखानदाराला बचावाची मुभा देतो. पण ती मुभा कोणत्या शब्दांत दिली आहे हे पाहण्यासारखे आहे. दोष हा त्या फेरफाराचा परिणाम असला पाहिजे, आणि तो फेरफार कारखानदार किंवा त्याचा डीलर यांखेरीज अन्य कोणी केलेला असला पाहिजे. शिवाय हा बचाव असल्यामुळे तो शाबीत करण्याचा भार तो घेणाऱ्यावर, म्हणजे कारखानदारावर पडतो. गाडीत फेरफार झालेला आहे एवढे दाखवून त्याचे काम भागत नाही. या फेरफारामुळेच हा दोष उद्भवला, हे त्याला दाखवावे लागते. याच्याही आधी, 1975 च्या जानेवारीत अध्यक्ष फोर्ड यांच्या स्वाक्षरीने जो मॅग्नसन-मॉस कायदा तेथे मंजूर झाला, त्याने लेखी हमी देणाऱ्यास, अमुकच कंपनीचे सुटे भाग वापराल किंवा अमुकच ठिकाणी दुरुस्ती कराल तरच हमी टिकेल, अशी अट घालण्यास मनाई केली. तो भाग वा ती सेवा फुकट दिली असेल, किंवा फेडरल ट्रेड कमिशनने खास सूट दिली असेल, तर गोष्ट निराळी. बाहेरच्या भागामुळे नुकसान झाल्याचे दाखवता आले तर तेवढ्या नुकसानीची जबाबदारी हमीदाराने नाकारावी, हा हक्क त्याला आहेच. हा कायदा केवळ कागदावर राहिलेला नाही. 2022 च्या जूनमध्ये याच कमिशनने हार्ले-डेव्हिडसन या मोटरसायकलींच्या कंपनीवर कारवाई केली, कारण इतरांचे सुटे भाग वापरल्यास हमी जाईल असे तिच्या हमीपत्रातून ग्राहकांना सांगितले जात होते. ती वाक्ये कंपनीला बदलावी लागली.

कार्यकारणाचा हा दंडक शास्त्राला धरून आहे, आणि तो कोठे कारखानदाराच्या बाजूने झुकतो व कोठे ग्राहकाच्या, हे पाहिले म्हणजे त्याची समतोलता ध्यानात येते. दिव्यांचेच उदाहरण घ्या. बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटमध्ये 60/55 वॅटचे हॅलोजन बल्ब असतात. रात्रीच्या घाटात उजेड कमी पडतो म्हणून आपण बाजारातून 100/90 वॅटचे आणून बसवतो. बारा व्होल्टच्या वायरिंगमधून मूळचा बल्ब पाच ॲम्पिअर प्रवाह ओढतो, तर नवा आठाहून अधिक. दोन्ही बाजूंचे मिळून जेथे दहा वाहत होते तेथे सोळा-सतरा वाहू लागतात, आणि मध्ये रिले बसवलेला नसेल तर स्विच तापतो, वायरीचे आवरण वितळते, कपलर काळा पडतो. अशा मालकाने जळालेला स्विच हमीखाली मागितला तर त्याला नकार देण्यात यत्किंचितही अन्याय नाही. पण त्याच गाडीचा गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरला ओरडू लागला, तर बल्बाचा आणि त्या ओरडण्याचा काय संबंध? रुंद टायर आणि बाहेर आलेली अलॉय चाके लावणाऱ्याच्या गाडीचे बेअरिंग लवकर गेले, तर चाक बाहेर सरकल्यामुळे बेअरिंगवर पडणारा तिरपा भार हे त्याचे कारण असू शकते आणि ते मोजताही येते. वातानुकूलनाच्या कॉम्प्रेसरने मात्र त्या चाकांकडे कधी ढुंकूनही पाहिलेले नसते. इंजिनाच्या संगणकाचा रिमॅप करून टर्बोचा दाब वाढवणाऱ्याने पिस्टन जळाल्यावर हमीकडे येऊ नये. तो आला, आणि येण्यापूर्वी मूळचा प्रोग्राम पुन्हा भरून साळसूदपणे उभा राहिला, तर तो लबाड आहे असे कारखानदार म्हणतात, ते खरेच आहे. पण अशा लबाडीवर इलाज त्यांच्याच हाती आहे, कारण प्रोग्राम किती वेळा बदलला याची नोंद अनेक गाड्यांचे संगणक स्वतःशी जपून ठेवतात. जेथे पुरावा गोळा करण्याची सर्व साधने एकाच पक्षाच्या कपाटात आहेत, तेथे पुराव्याचा भार त्याच पक्षावर टाकणे यात कठोरपणा काही नाही.

खरी अडचण येते ती विजेच्या दोषांत. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, कापून टेपने गुंडाळलेली वायर, आणि रात्रभरात उतरणारी बॅटरी यांचा संबंध आहेही आणि नाहीही. मीटर लावून, एकेक फ्यूज काढून, कोणती शाखा प्रवाह पिते हे तासभर बसून शोधल्यावाचून ते कळत नाही. हा तासभर कोणी द्यावा, एवढाच काय तो वाद आहे. सध्या तो कोणीच देत नाही, आणि टेप दिसली की जॉब कार्डावर दोन शब्द उमटतात.

आपल्या देशात ‘लेमन लॉ’ नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि तो दुबळा आहे असे म्हणवत नाही : कायद्याने वा कराराने राखावयाच्या दर्जात कोणतीही उणीव असेल तर तो ‘दोष’ होय, असे तो सांगतो, मालाची तपासणी प्रयोगशाळेत करवून घेण्याचा अधिकार आयोगाला देतो, वस्तू बदलून देण्याचा वा किंमत परत करण्याचा हुकूम करण्याची मुखत्यारीही देतो. व्यवहारात मात्र उत्पादनातील दोष शाबीत करण्याचा बोजा बहुधा ग्राहकाच्याच खांद्यावर येतो, आणि 2006 साली मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, हमी ही सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची आहे, संपूर्ण गाडी बदलून देण्याची नव्हे, असा निर्णय दिल्यापासून नवी गाडी मिळवणे ही सोपी बाब राहिलेली नाही.

याच कायद्यातील दोन शेजारशेजारची कलमे मी पुन्हा पुन्हा वाचली. ती सदोष उत्पादनामुळे माणसाला वा मालमत्तेला होणाऱ्या हानीविषयी आहेत, खुद्द वस्तूच्या बिघाडाविषयी नव्हेत, हे मान्य करूनही त्यांतून विधिकर्त्यांच्या मनाचा कल दिसतो. विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला असेल तर तो केव्हा जबाबदार ठरेल, हे सांगताना कलम 86 म्हणते की तो फेरफार हानीचा प्रमुख कारणघटक असला पाहिजे. लगेच पुढच्या 87 व्या कलमात, हानीच्या वेळी वस्तूचा दुरुपयोग वा तीत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध दावाच लावता येणार नाही, असे लिहिले आहे, आणि तेथे कारणाचा शब्दही नाही. विक्रेत्याला पकडायचे तर कार्यकारण सिद्ध करा; त्याला सोडायचे तर फेरफार असणे पुरे! मसुदा करणाऱ्याची लेखणी एका पानावर जितकी सावध, तितकीच दुसऱ्यावर उदार कशी झाली, हे मला उमगत नाही.

आणि तरीही योग्य तत्त्व या देशाला अपरिचित आहे असे नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा दंडाच्या आकड्याने वर्तमानपत्रांचे मथळे भरले आणि त्या हुकमातील एक अधिक मोलाचे वाक्य दुर्लक्षित राहिले. स्वतंत्र गॅरेजात दुरुस्ती केली म्हणून हमी सरसकट रद्द होईल अशी अट कंपन्यांनी घालू नये, आणि बाहेरच्या सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी रद्द करावी, असे आयोगाने त्यात बजावले होते. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले. दंडाचे काय झाले हा स्वतंत्र इतिहास आहे. वाक्य मात्र जसेच्या तसे उचलून कायद्यात घालावे अशा योग्यतेचे आहे.

यावर एक आक्षेप हटकून येईल, की फेरफार मुळात बेकायदा आहेत. काही आहेतच. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड ठेवला आहे. कर्णकर्कश सायलेन्सर लावून पहाटे तीनला गल्ली जागवणाऱ्यांना ही शिक्षा कमीच आहे, असे माझे वैयक्तिक मत आहे. परंतु शिक्षा देण्याचे काम सरकारने आर.टी.ओ.कडे आणि न्यायालयाकडे सोपवले आहे, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरकडे नाही. आणि मागचे दिसावे म्हणून लावलेल्या कॅमेऱ्याने तर नोंदणीपत्रातील एकही रकाना बदलत नाही. शिवाय शोरूममध्येच, गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी, ॲक्सेसरीजच्या नावाखाली जी वायर कापली जाते, तिला ‘बाहेरची फिटिंग’ असे कोणी म्हणत नाही. वायर तीच, टेपही तीच. बिल कोणाचे यावर तिचा धर्म ठरतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी संकेतस्थळ उघडले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला, हे स्तुत्य आहे. पण माहितीच्या जोडीला आता नियम हवा. हमी नाकारायची असेल तर कोणत्या फेरफारामुळे कोणता दोष कसा उद्भवला हे ग्राहकाला लेखी द्यावे, वाद झाल्यास ते शाबीत करण्याचा भार नाकारणाऱ्यावर राहावा, आणि नकार त्या भागापुरताच असावा, एवढी तीन वाक्ये खात्याने अधिसूचनेत लिहिली तर पुरे. तोपर्यंत वाचकांनी एक करावे : जॉब कार्डावर स्वाक्षरी करण्यापूर्वी नकाराचे कारण त्याच कार्डावर लिहून मागावे, आणि दिले नाही तर ते मागितल्याची नोंद स्वतःच्या अक्षरात करून मगच सही करावी.

माझ्या पुतण्याने हेच केले. तिसऱ्या खेपेला सेंटरच्या फोरमनने काचेवर पाण्याचा पाइप धरला आणि तो स्वतः आत पायाशी बसला. पाणी वायपरखालच्या सांध्यातून येत होते, जेथे कारखान्यात सीलंट भरावयाचे राहून गेले होते. सांधा भरून मिळाला, गालिचा बदलून मिळाला, पैसे पडले नाहीत. बिलावर मात्र ‘वॉरंटी’ हा शब्द नव्हता. तेथे लिहिले होते, ‘गुडविल’.