हायड्रोजनची वीज आणि मालेगावचे माग

वीज गेल्यावर काय होते, हे मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना सांगायला नको. माग थांबतो, मजुराची रोजी बुडते आणि आम्हा कापडवाल्यांचा माल अडकतो. म्हणून हायड्रोजनवर वीज मिळते असे ऐकले की, जनरेटरऐवजी हेच यंत्र बसवावे काय, असा प्रश्न मनात येणारच. आमचे म्हणणे असे की, आधी यंत्र समजून घ्यावे, मग हिशेब मांडावा आणि पैशाला हात शेवटी घालावा.

या यंत्राला फ्युएल सेल म्हणतात. त्यात काही जळत नाही. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन आणि मध्ये पातळ पडदा. प्लॅटिनमच्या लेपावर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पार होतात. इलेक्ट्रॉनांना तिथे वाट नाही, म्हणून ते तारेतून वळसा घेतात. तोच विजेचा प्रवाह. पलीकडे ऑक्सिजनशी मिळून पाणी होते. एका सेलमधून एक व्होल्टही मिळत नाही, म्हणून ताग्यांसारखी सेलची थप्पी लावतात.

ही विद्या जुनी आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी ती १८३९च्या सुमारास दाखवली. आपल्याकडे २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी बनवलेल्या हायड्रोजन बसचे उद्घाटन झाले.

आता हिशेब. एक किलो हायड्रोजनमधून सेल साधारण १६ युनिट वीज देतो. तोच किलो पाण्यापासून काढायला ५० युनिटांहून जास्त वीज लागते. म्हणजे रुपयाचे पाच आणेच परत. २४ मागांना एकेक अश्वशक्तीची मोटर धरली, तर पूर्ण भारावर एक किलो तासभरही पुरत नाही. थोडक्यात, हायड्रोजन हे विजेचे गोदाम आहे आणि या गोदामाचे भाडे भारी आहे. शिवाय हा वायू चटकन पेट घेतो. दाट वस्तीत, सुताच्या धुळीने भरलेल्या कारखान्यात तो ठेवणे जोखमीचे.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून एखादा प्रयोग यंत्रमागांच्या वस्तीजवळ व्हावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी जरूर करावी. मात्र तो प्रयोग सरकारी खर्चाने व्हावा. तोवर ज्याच्याकडे गाठीला पैसा आहे, त्याने छपरावर सौर पत्रे बसवून दिवसाचे बिल कमी करावे. आणि हायड्रोजनच्या नावाने कोणी बयाणा मागितला, तर हा पाच आण्यांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.