विसाचे दान आणि आईची विडी

दिवाळीच्या सुटीत एका मैत्रिणीने पुण्याहून वीस बाजूंचा फासा आणला आणि आम्हां चौघींना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे वेड लागले. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे. भिंत चढायची असेल, कुलूप उघडायचे असेल, तर फासा टाकायचा आणि आकड्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे. बेरीज ठरल्या आकड्याला पोचली की काम फत्ते.

वाद पेटला तो एका घरगुती नियमावरून. वीस पडले की काहीही साधते. एक पडला की पट्टीच्या कारागिराचाही फज्जा! वास्तविक २०१४ च्या नियमपुस्तकात ही गोष्ट हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याच्या कसोटीला नाही. पण गंमत येते म्हणून पुष्कळजण तसे खेळतात.

मला हे पटत नाही. संगमनेरातल्या कितीतरी बायकांप्रमाणे माझी आई विड्या वळते. विसांत एक म्हणजे हजारात पन्नास. रोज इतक्या विड्या छाट निघाल्या तर आमचे घर चालेल काय? मी शिकत होते तेव्हा पाने फाटत, दोरा सुटे. आईचा हात थकला तर विडी जरा सैल होते, इतकेच. हा नियम मात्र आम्हां दोघींना सारखेच पाडतो. मग तिचा इतक्या वर्षांचा सराव गेला कुठे?

विसाबद्दल मात्र मन डळमळते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नवख्यालाही संधी असावी असे वाटतेच. पण बारावीच्या निकालाला शेजारीण म्हणाली, “नशीब काढलंस पोरी!” तंबाखूच्या वासात, आईच्या सुपाशेजारी बसून केलेला अभ्यास तिने एका दानात उडवला.

त्यापेक्षा आपले चल्लसआठ बरे. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, पालथ्या पडल्या तर आठ, आणि वर पुन्हा टाकायला मिळते. पण सोंगटी कोणती हलवायची ते आपणच ठरवायचे. आठ पडले तरी आई पुढे धावत नाही. आधी मागची सोंगटी फुलीच्या घरात बसवते.

गेल्या रविवारी मी दुरुस्ती सुचवली : जाणत्याला एक पडला तर काम व्हावे, पण उशिरा. मैत्रीण म्हणाली, “मग हसायचं कशावर?” मते दोन-दोन पडली आहेत.

— द्वितीय वर्ष कला