‘एवढ्याशा नाण्याने कुणाचे काय बिघडते?’ : रोमन प्रांतीय नाणी आणि संग्राहकांच्या तीन सबबी

१/ सिरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचे उद्ध्वस्त शहर आहे. इ.स. २५६ च्या सुमारास सासानी सैन्याने त्याला वेढा घातला आणि तट पाडण्यासाठी एका बुरुजाखाली भुयार खणले. ते रोखण्यासाठी रोमन सैनिकांनी आतून दुसरे भुयार खणले. दोन्ही भुयारे जिथे भिडली, तिथे १९३० च्या दशकातील उत्खननात सुमारे वीस रोमन सैनिकांचे सांगाडे सापडले. त्यांच्यापाशी नाणी होती.

२/ त्या नाण्यांना बाजारात फारशी किंमत आली नसती. पण ती मृत सैनिकांपाशी, त्या भुयारात सापडली. त्यांतील सर्वांत अलीकडचे नाणे ज्या वर्षी पाडले गेले, त्याआधी ही झुंज झालेली असू शकत नाही. या शहराचा अंत केव्हा झाला, हे ठरवताना अभ्यासकांना ज्या पुराव्यांचा आधार मिळाला, त्यांत ही नाणी महत्त्वाची आहेत. तीच नाणी कुणी आधीच उकरून विकली असती, तर ती नष्ट झाली नसती. संग्राहकांच्या पेट्यांत ती आजही नीट राहिली असती. मात्र दुरा-युरोपोसविषयी त्यांना काहीही सांगता आले नसते.

३/ २०११ नंतरच्या युद्धकाळात याच दुरा-युरोपोसच्या तटाच्या आतली जमीन चोरट्या खड्ड्यांनी चाळणीसारखी झाली. ओरोंतेस नदीकाठच्या अपामेया शहराचीही हीच गत झाली. उपग्रहांच्या छायाचित्रांत हे खड्डे मोजता येतात. खणणाऱ्याला हवे असते ते सहज लपणारे, सहज सीमेपार जाणारे आणि सहज खपणारे काही. या तिन्ही कसोट्यांना नाण्याइतकी उतरणारी वस्तू दुसरी नाही. तरीही ‘स्वस्तातली प्रांतीय नाणी जमवण्याने कुणाचे काय बिघडते?’ हा प्रश्न संग्राहकांच्या जगात निरागसपणे विचारला जातो. त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे.

४/ आधी ही नाणी म्हणजे काय, ते पाहू. रोमची सत्ता पूर्वेकडे पसरली, तेव्हा तिथल्या ग्रीकभाषी शहरांना स्वतःची नाणी पाडण्याची जुनी सवय होती. रोमने ती मोडली नाही. सोन्याची आणि बरीचशी चांदीची नाणी साम्राज्याची. रोजच्या बाजारहाटाची कांस्य नाणी मात्र शेकडो शहरे आपापली पाडत राहिली. एका बाजूला बहुधा सम्राटाचे मुख, दुसऱ्या बाजूला शहराचे नाव आणि त्याचा अभिमान: देवता, देऊळ, नदी, एखादी दंतकथा. इ.स. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, डायोक्लिशनच्या काळात, ही परंपरा संपली.

५/ या नाण्यांची मोहिनी खोटी नाही. ऑलिम्पियातील फिडियसची झ्यूसमूर्ती केव्हाच नष्ट झाली, पण हेड्रियनच्या काळातील एलिसच्या नाण्यांवर ती सिंहासनावर बसलेली दिसते. फ्रिजियातील अपामेयाने (हे सिरियातल्या अपामेयाहून वेगळे शहर) सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात चक्क नोहा आणि त्याची पेटी नाण्यावर आणली, वर ग्रीक अक्षरांत त्याचे नावही कोरले. कॅरियातील स्ट्रॅटोनिकेयाच्या काही नाण्यांवर कॅराकॅला आणि गेटा हे सम्राटबंधू समोरासमोर होते. कॅराकॅलाने भावाचा खून करवल्यावर तिथे गेटाचा चेहरा नाण्यांवरूनही खरवडून काढला गेला.

६/ संग्राहकांचे ऋणही मान्य केले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील विंटरथुरचे फ्रीडरिश इम्होफ-ब्लुमर यांनी आयुष्यभर ग्रीक आणि प्रांतीय नाणी जमवली, अभ्यासली आणि १९०० मध्ये हजारो नाण्यांचा आपला संग्रह बर्लिनच्या संग्रहालयाकडे सोपवला. प्रांतीय नाण्यांच्या बृहत् सूचीचा पहिला खंड १९९२ मध्ये निघाला. तिची ऑक्सफर्डची आंतरजालीय आवृत्ती आज कुणालाही विनामूल्य पाहता येते. अशा संग्रहांवाचून ती इतकी समृद्ध झाली नसती. संग्राहक म्हणजे दरोडेखोर, असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल.

७/ पण सूची काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हा भेद महत्त्वाचा आहे. नाणे कोणत्या शहराने पाडले, कोणत्या सम्राटाच्या काळात पाडले, त्यावर काय आहे, हे नाणे हातात असले की कळते. ते कुठे सापडले, कोणत्या थरात, कशाच्या सोबत, हे नाण्यावर लिहिलेले नसते. ते जमिनीत लिहिलेले असते, आणि ते एकदाच वाचता येते.

८/ प्रांतीय नाण्यांच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर आहे, कारण सोने-चांदी दूरवर फिरते, कांस्य सहसा आपल्या परिसरात राहते. आशिया मायनरचे थोर अभ्यासक लुई रोबेर यांनी याच सूत्राचा आधार घेतला. एखाद्या अनोळखी अवशेषांच्या आसपास गावकऱ्यांना एकाच शहराची कांस्य नाणी वारंवार सापडत असतील, तर ते अवशेष त्या शहराचे असण्याची शक्यता मोठी. ग्रंथांत केवळ नावाने उरलेली शहरे नकाशावर बसवण्याचे हे एक साधन आहे. त्यातला पुरावा नाण्याच्या सौंदर्यात नाही, ते कुठे सापडले यात आहे.

९/ आणि कांस्य नाणे दूर गेलेले आढळले, तर ती स्वतंत्र बातमी असते. दुरा-युरोपोसच्या उत्खननात सुमारे १४,००० नाणी मिळाली. आल्फ्रेड बेलिंजर यांनी त्यांचा अहवाल १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. अँटिओक, एडेसा, निसिबिस अशा शहरांची नाणी या सीमेवरच्या ठाण्यात काय करीत होती? सैन्याच्या हालचाली, पगार, व्यापार यांची उत्तरे तिथून शोधता येतात. एडेसाचे हेच नाणे जागेच्या नोंदीविना विकत घेतले, तर ते एवढेच सांगते की ते एडेसाचे आहे. ते तर आधीच ठाऊक होते.

१०/ पहिली सबब : ‘अशी लाखो नाणी आहेत, कोणते संग्रहालय ती सांभाळणार?’ या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. प्रत्येक नाणे संग्रहालयात ठेवा, असे कुणी म्हणत नाही. प्रत्येक नाण्याची नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. शिवाय संख्या हाच इथे पुरावा असतो. एखाद्या जागी कोणत्या काळातली किती नाणी मिळाली, यावरून वस्तीची भरभराट आणि ओहोटी यांचा अंदाज बांधता येतो. त्यातली ‘चांगली’ नाणी वेचून नेली की उरलेल्यांचा हिशेबही खोटा पडतो.

११/ या सबबीचे उघडे रूप पाहायचे असेल, तर ‘न साफ केलेली प्राचीन नाणी’ या नावाने होणारी घाऊक विक्री पाहावी. मातीने माखलेली नाणी मूठमूठ विकली जातात. घेणारा ती ऑलिव्ह तेलात किंवा पाण्यात भिजत घालतो, घासतो, आणि आतून कोण सम्राट निघतो याची वाट पाहतो. छंद म्हणून यात रंगत असेलही. पण त्या नाण्यावरची माती जुन्या, नोंदवलेल्या संग्रहातून आलेली नाही, हे समजायला नाणकशास्त्राची पदवी लागत नाही.

१२/ दुसरी सबब : ‘आम्ही घेतले नाही, तर शेतकरी ते वितळवून टाकेल.’ काही वेळा हे खरेही असेल. पण मेटल डिटेक्टर घेऊन रात्री प्राचीन वस्तीवर जाणारा माणूस तांब्याच्या मोडीसाठी जात नाही. तो दूरच्या शहरातल्या गिऱ्हाइकासाठी जातो. जमिनीतून अपघाताने वर आलेल्या नाण्याला बाजार कदाचित वाचवत असेल. परंतु जमिनीत सुरक्षित असलेल्या नाण्याला बाहेर ओढणाराही तोच बाजार आहे. वाचवण्याचे श्रेय घ्यायचे, तर उकरण्याचा दोषही घ्यावा लागेल.

१३/ आणि ‘बाजार किंवा भट्टी’ याखेरीज तिसरा मार्ग नाही, हेही खरे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून अशी योजना आहे की, सामान्य माणसाने आपल्याला सापडलेली वस्तू स्थानिक अधिकाऱ्याला दाखवावी. तिचे छायाचित्र, माप आणि ठिकाण नोंदले जाते, आणि बहुसंख्य वस्तू नोंदीनंतर परत मिळतात. दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद त्यातून झाली. तिच्यावरही टीका होते. डिटेक्टरला तिने प्रतिष्ठा दिली, असा आक्षेप आहे. तरी वस्तू खासगी हातात राहूनही तिची हकिकत वाचू शकते, एवढे तिने सिद्ध केले.

१४/ तिसरी सबब : ‘आम्ही कायदेशीर विक्रेत्याकडूनच घेतो. नाणे जुन्या युरोपीय संग्रहातले आहे.’ कोणत्या संग्रहातले? कुणाच्या? कोणत्या साली तो जमला? या शब्दांत नाव नाही, साल नाही, कागद नाही. २०२० मध्ये सीझरच्या वधाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेले एक सोन्याचे नाणे लंडनच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्याच्या मालकीचा सांगितलेला पूर्वेतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसला परत करावे लागले.

१५/ जगभराचे लक्ष असलेल्या एवढ्या महाग नाण्याचा पूर्वेतिहास बनावट असू शकतो, तर एका पुस्तकाच्या किमतीत मिळणाऱ्या कांस्य नाण्याचा पूर्वेतिहास कोण तपासणार? महाग नाण्यामागे निदान सरकारे आणि न्यायालये लागतात. तुर्कस्तानात एल्मालीजवळ १९८४ मध्ये सापडलेला सुमारे १,९०० ग्रीक चांदीच्या नाण्यांचा साठा देशाबाहेर गेला. त्यातली बहुतेक नाणी खटल्यानंतर १९९९ मध्ये परत आली. मूठभर प्रांतीय नाण्यांसाठी असा खटला कुणी लढत नाही. म्हणून स्वस्त नाणे निरुपद्रवी नसते. ते केवळ बेवारस असते.

१६/ हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर नाशिकजवळचे जोगळटेंभी आठवावे. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. या नाण्यांचे वळण ग्रीक परंपरेतून आलेले. त्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत. रेव्हरंड स्कॉट यांनी १३,००० हून अधिक नाणी तपासली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. जिंकलेल्याने हरलेल्याच्या चलनावर स्वतःचे नाव उमटवले होते.

१७/ गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, हे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतोच. पण तो विजय प्रत्यक्ष व्यवहारात, नाण्यागणिक कसा उतरला, हे दाखवणारे हे प्रमाण कुठून आले? साठा एकत्र तपासला गेला, मोजला गेला आणि त्याचे ठिकाण नोंदले गेले म्हणून. हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर छाप मारलेली काही नाणी ‘दुर्मीळ प्रकार’ म्हणून जादा दराने गेली असती. हजारोंच्या साठ्यातला हा हिशेब मात्र कुणालाच मांडता आला नसता. दुरा-युरोपोसमध्ये पडणारा प्रत्येक खड्डा तिथले असे एखादे जोगळटेंभी कायमचे पुसून टाकीत असेल.

१८/ मग नव्या पिढीच्या नाणेप्रेमींनी काय करावे? प्रथम, विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: आधीच्या मालकाचे नाव काय, संग्रहात नाणे कोणत्या सालापासून आहे, आणि त्याचा कागद कुठे आहे. सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. त्याआधीची नोंद, जुनी लिलावसूची किंवा पावती असेल, तर बोलणे पुढे जाऊ शकते. उत्तर ‘जुना युरोपीय संग्रह’ एवढेच असेल, तर नाणे विक्रेत्याकडेच राहू द्यावे. सभ्य ग्राहकांनी हे प्रश्न विचारणे सुरू केल्याशिवाय विक्रेते कागद जपणार नाहीत.

१९/ दुसरे, भारतातला कायदा वाचावा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांची खासगी निर्यात बंद केली. तिसरे, हातात धरण्याची ओढ आणि जाणून घेण्याची ओढ यांत फरक करायला शिकावे. एलिसचा झ्यूस, अपामेयाचा नोहा, चेहरा खरवडलेला गेटा हे सगळे एक पैसाही न खर्चता सूचीत पाहता, ताडता आणि अभ्यासता येते.

२०/ नाणी जमवणारे स्वतःला इतिहासाचे राखणदार म्हणवतात, आणि काहींनी ते नाव कमावलेलेही आहे. पण राखणदारी नाण्यापुरती असेल आणि जमिनीपुरती नसेल, तर तो केवळ संग्रह होतो. दुरा-युरोपोसच्या त्या भुयारातल्या सैनिकांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. ते केव्हा मेले, हे त्यांच्यापाशी राहिलेल्या थोड्या नाण्यांनी सांगितले. ते सांगता आले, कारण सुमारे सतराशे वर्षे त्या नाण्यांना कुणी गिऱ्हाईक भेटले नव्हते.

(धागा समाप्त)