कार्ट्रिज निवडताना

कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावर रेकॉर्डींची एखादी पेटी निघते. मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला किंवा लग्नकार्याला या रेकॉर्डी गावी आणलेल्या असतात. वर बालगंधर्व, मास्टर दीनानाथांच्या लाखेच्या तबकड्या, खाली ‘गीतरामायणा’च्या एलपी. टर्नटेबल पुन्हा बाजारात आल्यामुळे कुडाळसारख्या गावातही ही पेटी उघडण्याची इच्छा होते. चौकशी मात्र टर्नटेबलाची होते. रेकॉर्डला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या कार्ट्रिजकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या त्या छोट्या डबीकडे, शेवटी लक्ष जाते.

कार्ट्रिजचे काम हालचालीची वीज करणे हे आहे. हिऱ्याचे टोक रेकॉर्डच्या खाचेतून जाताना थरथरते. ती थरथर कॅन्टिलिव्हर नावाच्या बारीक दांडीतून मागे पोहोचते. मागे लोहचुंबक हलत असेल तर ते मूव्हिंग मॅग्नेट, वेटोळे हलत असेल तर मूव्हिंग कॉइल. दांडी रबराच्या छोट्या कडीवर तोललेली असते. पुढचा बराचसा हिशेब या रबराभोवती फिरतो.

पण त्याआधी खाच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. १९४८ साली आलेल्या एलपीची खाच खूपच अरुंद. मोनो एलपीला सुमारे २५ आणि स्टिरिओला १८ मायक्रॉनचे गोल टोक पुरते. एलपीची सुई ७८च्या तबकडीवर ठेवली तर ती भिंतींवर टेकतच नाही, खाचेच्या तळाशी साठलेल्या कचऱ्यातून फरफटत जाते. गाणे ऐकू येते, पण खरखर त्याच्यावर चढते. उलट, ७८ची सुई एलपीवर ठेवणे हा सरळसरळ रेकॉर्डवर केलेला अत्याचार आहे.

हा फरक आपल्याकडे पूर्वी रेकॉर्डी वाजणाऱ्या घरांत ठाऊक होता. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरांच्या जमान्यात सिरॅमिक कार्ट्रिजना अनेकदा दुहेरी सुई असे. दांडी फिरवली की एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. अवकाशात रेकॉर्ड पाठवणाऱ्यांनी तर ही निवड ऐकणाऱ्यावर सोडली नाही. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि तबकडीसोबत कार्ट्रिज व सुई बांधून दिली आहे.

आता रबराकडे. रबर किती सहज दबते याला कम्प्लायन्स, म्हणजे लवचीकता म्हणतात. त्याच्यावर टोनआर्मचे, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या लांब हाताचे, वजन येते. तराजूवरचे नव्हे, तर हालताना सुईला जाणवणारे. त्याला इफेक्टिव्ह मास, म्हणजे परिणामी वस्तुमान असे नाव आहे. वजन आणि लवचीक आधार एकत्र आले की त्यांची स्वतःची एक लय ठरते. पडवीतला झोपाळा त्याच्या लयीत हलकेच ढकलला तरी मोठे हेलकावे घेतो, तसा टोनआर्म त्या लयीला डोलू लागतो.

ही लय सेकंदाला ८ ते १२ कंपने, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ असावी, असे मानतात. वाकलेली रेकॉर्ड सुईला वरखाली उचलते ती साधारण ६ हर्ट्झच्या खाली. ऐकू येणारा नाद सुरू होतो २० हर्ट्झच्या आसपास. मधली रिकामी जागा आर्मच्या डोलण्यासाठी.

हिशेब घरी करता येतो. आर्मचे परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची बेरीज ग्रॅममध्ये करायची, तिला लवचीकतेच्या आकड्याने गुणायचे, गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने १५९ला भागायचे. समजा आर्म १२ ग्रॅमचा आहे. ऑर्टोफोनचे टूएम रेड ७.२ ग्रॅमचे, लवचीकता २०. स्क्रू धरून बेरीज २०, उत्तर सुमारे ८ हर्ट्झ: चालेल, पण काठावर. तेच २० ग्रॅमच्या जुन्या जड आर्मवर बसवले तर उत्तर साधारण ६.७ येते आणि वाकडी रेकॉर्ड आर्मला नाचवू लागते.

इथे एक फसगत असते. जपानी कंपन्या लवचीकता बहुधा १०० हर्ट्झला मोजून छापतात, आणि हिशेबाला लागतो १० हर्ट्झचा आकडा. डेनॉनच्या प्रसिद्ध डीएल-१०३ची छापील लवचीकता ५ आहे. ती तशीच घेतली तर वरच्या १२ ग्रॅमच्या आर्मवर उत्तर १५च्या पुढे जाते आणि जोडी बाद ठरते. असा आकडा दीडपट ते दुप्पट करावा लागतो. दुप्पट केल्यावर उत्तर ११च्या आसपास येते. म्हणजे छापील आकड्यावरून डीएल-१०३ला बाद ठरवू नये.

विजेची बाजू त्यामानाने सोपी. मूव्हिंग मॅग्नेटला ४७ किलो-ओहमचे फोनो इनपुट लागते आणि ते अनेक अ‍ॅम्प्लिफायरना असते. मूव्हिंग कॉइलचा आवाज बहुधा कित्येक पट क्षीण, त्यामुळे त्याला वेगळे वर्धन, म्हणजे जादा खर्च.

कुडाळात आणखी एक गोष्ट धरावी लागते: चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची दमट हवा. रेकॉर्डवर बुरशी येते, ती सुईला चिकटते. रबरही कालांतराने कडक होते. ‘जुना पण न वापरलेला’ म्हणून विकले जाणारे कार्ट्रिज म्हणूनच जपून घ्यावे. सुई कोरी असली तरी रबर कोरे असेलच असे नाही.

हे सगळे पाहता दोन्ही प्रकारच्या रेकॉर्डी असलेल्या घराने महागड्या मूव्हिंग कॉइलच्या मागे लागू नये असे आमचे मत आहे. अशा बहुतेक कार्ट्रिजची सुई घरी बदलता येत नाही. झिजली की कार्ट्रिजच दुरुस्तीला पाठवावे किंवा बदलावे लागते. सुई बदलता येणारे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच डबीला एलपीची आणि ७८ची अशा वेगवेगळ्या सुया लागतात. सुई बदलली की ट्रॅकिंग फोर्स, म्हणजे सुईचा भार, तिच्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे पुन्हा लावावा. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारून भिंती ओरबाडते.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. टर्नटेबलाला ७८चा वेग आहे का, कारण अनेक नव्या यंत्रांना फक्त ३३ आणि ४५ असतात. आणि कार्ट्रिज बदलता येते का, कारण स्वस्त सूटकेसवजा प्लेअरमध्ये बहुधा येत नाही. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर वरचा सगळा हिशेब तिथेच संपतो, आणि ते यंत्र दुकानातच ठेवलेले बरे.