गणपतीला निघण्याआधी बॉनेट उघडा

गणपती तोंडावर आले आहेत. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरीहून हजारो कुटुंबं येत्या काही दिवसांत गाडीत सामान कोंबून कोकणची वाट धरतील. त्यांपैकी ज्यांच्या गाडीला टर्बो आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. निघण्याआधी इंजिनात नेमकं कोणतं ऑइल आहे ते शोधून काढा, त्याची पातळी स्वतः पाहा, आणि ऑइल चुकीचं किंवा मुदत संपलेलं निघालं तर ते या आठवड्यातच बदलून घ्या. परत आल्यावर सर्व्हिसिंगला टाकू, हा विचार यंदा बाजूला ठेवा.

आपल्या गाडीला टर्बो आहे हेच अनेकांना माहीत नसतं. गाडी डिझेलची असेल तर तो जवळजवळ नक्की आहे. पेट्रोलमध्ये टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सॉनेटचं एक लिटरचं इंजिन, मारुती फ्रॉन्क्सचं बूस्टरजेट, फोक्सवॅगन आणि स्कोडाची टीएसआय इंजिनं, निसान मॅग्नाइटची टर्बो आवृत्ती, या सगळ्या टर्बो गाड्या आहेत. यांतल्या काही मॉडेलांत टर्बो आणि बिनटर्बो अशी दोन्ही इंजिनं मिळतात आणि दोघांना लागणारं ऑइल वेगळं असू शकतं. म्हणून 'शेजाऱ्यांचीही हीच गाडी आहे, ते अमुक टाकतात' यावर जाऊ नका.

टर्बो काय करतो हे थोडक्यात सांगतो, म्हणजे ही घाई कशासाठी ते कळेल. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक छोटं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. पेट्रोल इंजिनात हा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त, लहान टर्बोत दोन लाखांच्या आसपासही फेरे घेतो. बहुतेक गाड्यांत या दांड्याला बॉल बेअरिंग नसतं. तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो आणि तो थर असतो मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका. ते ऑइल येतं इंजिनातूनच, एका बारीक नळीतून. वंगण तेच देतं आणि तिथली बरीचशी उष्णताही तेच वाहून नेतं. काही सेकंद ते पोचलं नाही, किंवा पोचलेलं ऑइल तो ताप सोसण्याच्या लायकीचं नसलं, की धातूवर धातू घासतो. मग शिटी वाजल्यासारखा आवाज, निळा धूर, पडलेला पिकअप. एवढं दिसेपर्यंत टर्बो बहुधा गेलेला असतो, आणि तो बदलण्याचा खर्च एका ऑइल बदलीच्या कितीतरी पट येतो.

आता कोकणच्या प्रवासाचं. जाताना माणगावच्या कोंडीत गाडी तासन्‌तास जागच्या जागी चालू असते. किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालू असतं, एसी चालू असतो आणि ऑइल तापत, झिजत असतं. खरी कसोटी लागते ती परतताना. कोकणातून देशावर यायचं म्हणजे कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, ताम्हिणी यांपैकी कुठला तरी घाट चढायचा. गाडीत पाच माणसं, डिकीत नारळ, तांदूळ, कोकम, वर कॅरिअर. त्या चढावर टर्बो सलग पूर्ण जोरात काम करतो. शहरात वर्षभर चुकीच्या ऑइलवर चाललेलं इंजिन इथे उघडं पडतं.

आपल्याकडे सगळ्यात खोलवर रुजलेला समज म्हणजे 'आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल टाका, इंजिन टिकतं.' जुन्या जीपला, ट्रॅक्टरला १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० टाकत आलेल्या पिढीचा तो अनुभव आहे आणि त्या इंजिनांपुरता तो खराही होता. आजच्या टर्बो इंजिनात ऑइलच्या वाटा अरुंद असतात, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्याच दाबावर चालते. पहाटे थंड इंजिन सुरू केलं की जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. त्या सुरुवातीच्या क्षणांतल्या झिजेची किंमत मोजावी लागते. मायलेजच्या आशेने सांगितल्यापेक्षा पातळ ऑइल भरणं हेही तितकंच चुकीचं. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर ५डब्ल्यू-४०. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार पर्याय दिले असतील तर त्यांतलाच एक घ्या.

ग्रेड जुळली म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. माझं या आवाहनातलं मुख्य सांगणं हेच आहे. ५डब्ल्यू-३० हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले ५डब्ल्यू-३० चे दोन डबे आतून फार वेगळे असू शकतात. १५० अंशांवर, भागांच्या घासणीच्या ताणाखाली ऑइलचा थर किती टिकतो हे मोजतात. त्या मोजणीत ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद पुरतं, पण युरोपच्या एसीईए सी३ वर्गातल्या ऑइलला किमान ३.५ लागतं. इंजिन ३.५ धरून बनवलेलं असेल आणि तुम्ही २.९ चं ऑइल भरलं, तर डब्यावरचा आकडा बरोबर असूनही बेअरिंगला कमी संरक्षण मिळतं. म्हणून मॅन्युअलमधली दुसरी ओळ वाचा. तिथे एपीआयची अक्षरं (एसएन, एसपी अशी), एसीईएचा वर्ग किंवा कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक असतो. डब्याच्या मागच्या बाजूला तीच ओळ शोधा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेलं 'टर्बो', 'सिंथेटिक', 'रेसिंग' यांतलं काहीही त्या ओळीची जागा घेऊ शकत नाही.

पेट्रोल टर्बोवाल्यांनी एपीआयच्या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत एक नवा धोका दिसू लागला. कमी आरपीएमवर जास्त जोर पडला की कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेतं. प्रचंड दाबाचा एक तडाखा बसतो. तो इतका असू शकतो की पिस्टनचा रिंगजवळचा भाग तुटतो. संशोधनात याचा संबंध ऑइलशीही निघाला: ऑइलच्या डिटर्जंटमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर असे तडाखे वाढतात. म्हणून डिटर्जंटचं सूत्र बदललं, कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम आलं. २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस हा वर्ग आला आणि मे २०२० पासून एपीआय एसपी. एसपीसाठी ऑइलला फोर्डच्या दोन लिटर इकोबूस्ट टर्बो इंजिनावर याच धोक्याची चाचणी पार करावी लागते, शिवाय टायमिंग चेनच्या झिजेचीही वेगळी चाचणी असते. तुमच्या जुन्या मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलं असेल तर एसपी चालतं. एसपी सांगितलेल्या गाडीत एसएन किंवा त्याहून जुनं एसएम टाकू नका. आणि घाटात वरच्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमवर गाडी रेटू नका, एक गिअर खाली घ्या. हे योग्य ऑइल असतानाही पाळायचं आहे.

डिझेलवाल्यांची गोष्ट निराळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ बसला. काजळी त्यात अडकते आणि ठरावीक वेळाने जाळली जाते. ऑइल जळून होणारी राख मात्र जळत नाही, ती तिथेच साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, सी३ सारख्या वर्गातलं. ट्रकचं सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० अशा गाडीत भरलं तर इंजिन आज तक्रार करणार नाही, पण डीपीएफ अकाली भरेल. वाटेतल्या पंपावर 'डिझेलचंच ऑइल आहे साहेब' म्हणून कोणी तो डबा पुढे केला, तर नको म्हणा.

पातळी पाहायला फार वेळ लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू द्या, ऑइल मोजायची काडी काढा, पुसा, पुन्हा घाला, पाहा. किती थांबायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ ऑइल असावं. टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं, त्यामुळे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पातळी उतरू शकते. वरच्या खुणेच्या पुढेही भरू नका, क्रँक ते घुसळून फेस करतो. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ती चांगली खूण नाही. शहरातल्या छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिझेलमध्ये डीपीएफची सफाई अर्धवट राहिली की डिझेल उतरतं. काडीला इंधनाचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय घाट चढू नका. घर ते स्टेशन एवढीच गाडी वर्षभर वापरणाऱ्यांनी किलोमीटर कमी झाले म्हणून थांबू नये. ऑइलला महिन्यांचीही मुदत असते, आणि धूळ, कोंडी, छोट्या फेऱ्या अशा वापरासाठी मॅन्युअलमध्ये बहुधा आणखी कमी मुदत दिलेली असते.

ऑइल कुठून घेता हेही महत्त्वाचं आहे. सुटं ऑइल नको. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलकं ऑइल भरून विकण्याचा धंदा चालतो, म्हणून सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडू द्या, बिल घ्या, बॅच आणि तारीख पाहा, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाका. ऑइलबरोबर फिल्टरही बदला. जुन्या फिल्टरमधलं काळं ऑइल नव्यात मिसळू देण्यात बचत नाही. वरून टाकायच्या कुठल्याही 'ट्रीटमेंट'च्या बाटलीला मी तरी नकोच म्हणेन. चांगल्या ऑइलमधली रसायनं मोजूनमापून घातलेली असतात, त्यांत भर घातली की तो तोल बिघडू शकतो.

प्रवासात दोन सवयी ठेवा. सकाळी गाडी सुरू केल्यावर लगेच पाय दाबू नका, पहिले काही किलोमीटर सौम्य चालवा. आणि घाट चढून झाल्यावर लगेच चावी फिरवू नका. बोरघाट चढून लोणावळ्यात चिक्कीसाठी थांबणारे, आंबा घाट चढून चहाला उतरणारे, सगळे इथे चुकतात. टर्बो लालबुंद तापलेला असताना इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, आत राहिलेलं ऑइल करपून त्याचा कोळसा होतो आणि तोच बारीक वाटा बुजवतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा आणि थांबल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचंही कूलिंग असतं, तरीही ही सवय सोडू नका. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालताना लागला तर 'पुढच्या गावात बघू' म्हणायचं नाही. सुरक्षित जागा पाहून लगेच इंजिन बंद करा आणि टोइंगला फोन करा.

गॅरेजवाल्या मित्रांनाही सांगणं आहे. या दिवसांत तुमच्याकडे रांग असते, एकाच पिंपातून सगळ्यांना ऑइल भरायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. गिऱ्हाइकाला मॅन्युअल विचारा, टाकलेल्या ऑइलची ग्रेड आणि वर्ग बिलावर लिहा. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्या. सोसायट्यांनी, गावकरी मंडळांनी गणपतीच्या निरोपांबरोबर एवढा एक निरोप व्हॉट्सअॅपवर फिरवला तर खूप होईल.

सेकंड हँड गाडी घेतलेल्यांनी सगळ्यात आधी हलावं. आधीच्या मालकाने काय टाकलं होतं याची खात्री नसेल तर अंदाज करत बसू नका, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. मॅन्युअल हरवलं असेल तर ते बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. इंजिनाचा नेमका प्रकार पाहून त्यातलं ऑइलचं पान काढा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. चतुर्थीच्या आधीच्या चार दिवसांत चांगल्या गॅरेजात जागा मिळत नाही आणि तुम्हाला हवं ते ऑइल संपलेलं असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून उद्या सकाळीच काडी पाहा, दुपारी गॅरेजला फोन करून तो फोटो पाठवा, आणि डबा मागवून ठेवायला सांगा.